डाव्या पायावर पाणी

बाबांना झटका आला तेव्हा मी दोन महिन्यांची रजा घेऊन पुण्याहून झाशीला आले. मी सांगते आहे ती गोष्ट त्यानंतर सव्वा वर्षाने घडली. तोवर रजा तीनदा वाढवून झाली होती, चौथा अर्ज लिहून टेबलावर पडला होता आणि शाळेतल्या माझ्या वर्गाला दुसऱ्या बाई शिकवत होत्या. नवरा आणि मुलगी पुण्यात. आईला जाऊन सहा वर्षं झालेली. धाकटा भाऊ परदेशात. तो दर रविवारी फोन करायचा आणि शेवटी न चुकता म्हणायचा, "ताई, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे." मी "बरं" म्हणायचे आणि फोन ठेवायचे.

बाबा रेल्वेत सिग्नल खात्यात होते. मूळचे भुसावळचे, नोकरीने झाशीला आले आणि इथलेच झाले. आधी कॉलनीतलं क्वार्टर, मग निवृत्तीच्या तोंडावर नगरा वस्तीत बांधलेलं हे दोन खोल्यांचं घर. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. आयुष्यभर त्यांनी वायरी तपासल्या आणि बंद पडलेले रिले शोधले. आमचा मिक्सर बिघडला तरी ते स्टुलावर बसून ऑफिसातल्यासारखं पुटपुटायचे, "आधी फीड, मग अर्थ, मग रिले." फीड म्हणजे वीज येते का, अर्थ म्हणजे परत जायला वाट आहे का, आणि रिले म्हणजे मधला खटका. या क्रमाबाहेर त्यांनी कधी कशाला हात लावला नाही.

झटक्यात त्यांचा उजवा हात आणि उजवा पाय गेला. त्याहून वाईट म्हणजे शब्द गेले. त्यांना सगळं कळायचं, पण तोंडातून भलताच शब्द यायचा. चहा हवा असला की "खुर्ची" म्हणायचे. मग चूक त्यांची त्यांनाच कळायची आणि चेहरा असा व्हायचा की मी दुसरीकडे बघायचे. कधी शब्द बरोबर यायचा, पण एकटाच, पुढे-मागे काही नाही. व्यायाम करून घेणारे डॉक्टर हिंदीत विचारायचे, "दादाजी, आज कैसा लग रहा है?" बाबा धडपडून मराठीत काहीतरी म्हणायचे. डॉक्टर माझ्याकडे बघून मान हलवायचे, "अभी कुछ नहीं बोल पा रहे." मी पहिल्या काही महिन्यांत सांगायचे की ते बोलले, फक्त मराठीत बोलले. नंतर सांगणं सोडलं.

खरं सांगायचं तर मी ऐकणंही सोडलं होतं. सकाळी सहाला उठवणं, न्हाणीघरात नेणं, कपडे, नाश्ता, गोळ्या, आठवड्यातून तीनदा व्यायामाला नेणं. घराच्या लोखंडी फाटकाला मी आतून कुलूप लावायचे, कारण एकदा ते एकटेच पायरीवर जाऊन पडले होते. किल्ली माझ्या कमरेला असायची. शेजारच्या काकू म्हणायच्या, "बिटिया हो तो ऐसी." मी हसायचे आणि आत येऊन कुलूप पुन्हा तपासायचे. त्या कुलपाच्या आत दोघं होतो हे कुणाच्या लक्षात यायचं नाही.

गाडी बाबांची होती. निवृत्तीच्या वेळी घेतलेली पांढरी छोटी गाडी. झटक्यानंतर ती मी चालवत होते. बाबा पुढे, माझ्या डावीकडे बसायचे. एक किल्ली माझ्याकडे. दुसरी त्यांच्या कुडत्याच्या खिशात असायची, आणि झोपताना उशीखाली. मी एकदा मागितली तर त्यांनी डाव्या हाताची मूठ घट्ट मिटली. मी पुन्हा मागितली नाही.

मार्चच्या शेवटी गाडीने वेडेपणा सुरू केला. कडक ऊन पडलेलं असताना वायपर एकदाच काचेवरून करकरत फिरला आणि थांबला. मग आतला दिवा विझेना. एका सकाळी बॅटरी पूर्ण उतरलेली. आमच्याच गल्लीच्या टोकाला एक मिस्त्री आहे, चाळिशीतला, डोक्याला गमछा बांधलेला. त्याने बॅटरी बदलली. आठ दिवसांनी दारांची कुलपं चालत्या गाडीत आपोआप खटाखट वाजायला लागली. त्याने माझ्या बाजूच्या दाराची मोटर बदलली. "अब कछू नईं हुइए, दीदी," तो म्हणाला. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

याच दिवसांत बाबांनी गाडीत बसलं की "पाणी" म्हणायला सुरुवात केली होती. उन्हाळा होता. मी बाटली पुढे करायचे. ते बाटली डाव्या हाताने ढकलायचे आणि पुन्हा म्हणायचे, "पाणी." मी म्हणायचे, "बाबा, हे पाणीच आहे." ते डोळे मिटून घ्यायचे. एकदा बाटली त्यांच्या हातून खाली पडली आणि मी त्यांच्यावर ओरडले. गाडी चालवताना ओरडले, समोर बघत. मला वाटलं, हाही एक भलता शब्द. त्यांना काय हवंय हे शोधत बसायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

मे महिन्यातल्या एका दुपारी व्यायाम संपवून आम्ही परत निघालो. त्यांची एक गोळी फक्त जुन्या शहरातल्या दतिया गेटजवळच्या एका दुकानात मिळायची. गेटच्या अलीकडे एका बोळात भिंतीच्या सावलीत मी गाडी लावली. दोन वाजून गेले होते, भाजणाऱ्या वाऱ्याची लू सुटली होती, निम्म्या दुकानांची शटर अर्धी ओढलेली. बाबांच्या बाजूची काच चार बोटं उघडी ठेवून मी पळत जाऊन गोळ्या आणल्या. पाच मिनिटंही लागली नसतील. आत बसले, दार ओढलं, गाडी सुरू केली, एसी लावला, आणि थंड हवा बाहेर जाऊ नये म्हणून त्यांची काच वर घेतली.

गाडी अर्धा मिनिट चालली आणि बंद पडली. लगेच चारही दारांची कुलपं एकदम बसली. खट्. मी किल्ली फिरवली. काहीच नाही, साधी घरघरही नाही. समोर किल्लीचं लाल चित्र लुकलुकत होतं. काचेचं बटण दाबलं, काच हलली नाही. हॉर्न दाबला, आवाज नाही. दाराची खुंटी वर ओढायला गेले तर ती कुणीतरी खालून धरून ठेवल्यासारखी घट्ट. नखाने, मग ओढणीचं टोक गुंडाळून ओढली. जरा वर यायची आणि खट् करून परत खाली बसायची. मागे वळून मागच्या दारांच्या खुंट्या ओढून पाहिल्या. त्याही तशाच. डॅशबोर्डच्या आत डावीकडे कुठेतरी टकटक टकटक असा बारीक आवाज चालू होता.

आधी मला रागच आला. मग भिंतीची सावली गाडीच्या टपापर्यंतच आहे हे दिसलं. पुढच्या काचेतून ऊन थेट बाबांच्या मांडीवर पडलं होतं.

मी मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, "आ रए दीदी, आधा घंटा." मी म्हटलं, "भैया, आधा घंटा नहीं है." तो म्हणाला निघालोच. मी काचेवर थापा मारायला लागले. बोळातून एक बाई आल्या, डोक्यावरून पदर, हातात पिशवी. त्यांनी बाहेरून दार ओढून पाहिलं आणि काचेला तोंड लावून म्हणाल्या, "भीतर से खोलो." मी हातवारे करून सांगितलं की उघडत नाही. "भीतर से," त्या पुन्हा म्हणाल्या, खुंटीकडे बोट दाखवून. मी रडायला लागले होते बहुतेक, कारण त्यांचा चेहरा बदलला आणि त्या कुणाला तरी बोलवायला गेटच्या दिशेने धावल्या.

काच फोडावी तर बाबांची चार पायांची काठी मागे डिकीत. मी पाण्याच्या स्टीलच्या बाटलीने काचेवर मारलं. आत जागा नाही, हात मागे घेता येत नाही, बाटलीला पोचा आला, काचेला काही झालं नाही. बाबांच्या कपाळावरून घाम गळत होता आणि श्वास तोंडाने चालला होता. मी त्यांच्या कुडत्याची बटणं सोडली, उरलेलं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं. आणि त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं, आता इथेच संपेल, आणि मला कुठलाच निर्णय घ्यावा लागणार नाही. हा विचार किती वेळ होता? दोन श्वासांइतका. पण होता.

बाबांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

"फीड," ते म्हणाले.

मी म्हटलं, "काय?"

"फीड काढ."

दोन शब्द, बरोबर, एकापुढे एक. कितीतरी महिन्यांत मी त्यांच्या तोंडून असं ऐकलं नव्हतं. ते डॅशबोर्डमधली टकटक ऐकत होते, मान तिरकी करून. मग त्यांनी हनुवटीने माझ्या गुडघ्यांकडे खूण केली. स्टिअरिंगच्या खाली फ्यूजची पेटी आहे हे मला माहीत होतं, कारण मिस्त्री तिथे डोकं घालून बसायचा. मी सीट मागे सरकवली, वाकले, झाकण ओढून काढलं. आत रंगीबेरंगी छोटे फ्यूज, दोन-तीन रांगा. झाकणावरची अक्षरं मुंगीएवढी, चष्मा घामाने घसरलेला.

"कुठला, बाबा?"

त्यांनी तोंड उघडलं. शब्द येईना. ओठ हलले, मग चेहऱ्यावर ती ओळखीची हार दिसली. मी नेहमीप्रमाणे दुसरीकडे बघणार होते, पण बघायला दुसरीकडे काही नव्हतं. मी म्हटलं, "सगळे काढू?"

त्यांनी मान हलवली. हो.

मी बोटांनी उपटायला लागले. पहिला निघता निघेना, नख मुळापासून तुटलं. मग झाकणात खोचलेला प्लॅस्टिकचा छोटा चिमटा दिसला. एक काढला, टकटक चालूच. दुसरा, तिसरा. बाबा मोजत होते. मोजणं त्यांना यायचं, अंकांना कधी काही झालं नव्हतं. "चार. पाच." मी काढलेले फ्यूज मांडीवर टाकत होते. "सहा. सात." आठवा फ्यूज ओढला आणि आतली टकटक थांबली. गाडीत एकदम शांत झालं.

बाबा म्हणाले, "आता."

मी खुंटी वर केली. ती सहज वर आली, जशी कायम यायला हवी होती. दार उघडलं आणि बाहेरची लू आत आली. आयुष्यात मला इतकी गार हवा लागली नसेल.

त्या बाई तोवर एका माणसाला घेऊन आल्या होत्या, त्याच्या हातात वीट होती. त्याने वीट खाली ठेवली आणि आम्ही दोघांनी बाबांना उचलून औषधाच्या दुकानात नेलं, पंख्याखाली बसवलं. दुकानदाराने मीठ-साखरेचं पाणी दिलं. बाई बाबांना गमछ्याने वारा घालत राहिल्या. वीस मिनिटांनी बाबांचा चेहरा निवला.

मिस्त्री आल्यावर गाडी ओढून त्याच्याकडे आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडे जायला निघाले तर बाबा फाटकापाशी उभे. एका हाताने गज धरलेला, अंगात बाहेरचा कुडता. मी कुलूप काढलं आणि त्यांना चाकाच्या खुर्चीतून नेलं. मिस्त्रीने चहाच्या टपरीवरून बाक आणला, पण बाबांना गाडीच्या डाव्या दाराजवळच थांबायचं होतं. मिस्त्री म्हणाला, "दीदी, सारे लॉक की मोटर बदल देते हैं. चारों." बाबांनी जोरात मान हलवली. नाही. त्यांनी डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला, पुढच्या कप्प्याकडे बोट केलं.

"पाणी," ते म्हणाले.

मिस्त्री आत पाणी आणायला निघाला. मी त्याला थांबवलं. का थांबवलं हे मला नीट सांगता येणार नाही. कदाचित आदल्या दिवशी त्यांनी बरोबर सांगितलं होतं म्हणून. मी बाबांच्या पुढ्यात खाली बसले आणि पहिल्यांदाच विचारलं, "प्यायचं पाणी?"

नाही.

"गाडीत पाणी?"

त्यांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला मान खाली घालावी लागली. मग त्यांनी डावा पाय खुर्चीच्या पट्टीवर दोनदा आपटला.

मिस्त्रीने कप्पा उघडून बाहेर काढला. मागे वायरींचा जाड गठ्ठा, आणि त्याच्या टोकाला तळहाताएवढी काळी डबी, तिच्यात चार-पाच जोड खोचलेले. त्याने टॉर्च मारला. वायरींवरून पाण्याचा ओघळ डबीपर्यंत गेलेला स्पष्ट दिसत होता. वरचा जोड काढला तर आतल्या पितळी काड्यांवर हिरवी बुरशी चढलेली. खालचा गालिचा त्याने हाताने दाबला, पाणी वर आलं. "अरे राम," तो हळूच म्हणाला. "बाबूजी के पाँव पे टपकत रओ."

एसीचं पाणी बाहेर जायला एक नळी असते. त्याने गाडीखाली जाऊन तिच्यात तार घातली. मातीचं एक छोटं, घट्ट बोळकं तुटून बाहेर पडलं. कुंभारमाशीचं घर. नळीचं तोंड तिने बंद केलं होतं, पाणी आत तुंबलं, वायरींवरून वाहत डबीत शिरलं आणि उरलेलं बाबांच्या डाव्या पावलावर थेंब थेंब पडत राहिलं. उजव्या पायाला त्यांना काही जाणवत नव्हतं. डाव्याला जाणवत होतं. दोन महिने ते मला सांगत होते.

त्या दिवशी घरी येऊन मी न्हाणीघराचा नळ सोडून बसले.

मिस्त्रीने सांगितलं की ही डबी म्हणजे गाडीच्या अंगाचा मेंदू. इंजिन वेगळं चालतं, पण कुलपं, काचा, दिवे, वायपर, हॉर्न, आणि किल्ली खरी की खोटी हे ओळखणं, सगळं हिच्याकडे. "बॉडी कंट्रोल मॉड्यूल." आत पाणी गेलं की ही वाटेल ते हुकूम सोडते, आणि हिच्यातला कुलपाचा रिले चिकटला की दारं धरूनच ठेवते. बाबा हे ऐकताना मान डोलवत होते, पूर्वी कॉलनीत हाताखालचा माणूस बरोबर उत्तर देत असताना डोलवायचे तशी.

मिस्त्रीने डबी उघडून साफ केली, वाळवली, पण रिले सुटला नाही. मग तो भंगारातून तशाच गाडीची जुनी डबी घेऊन आला. बसवली. दिवे लागले, काचा फिरल्या, कुलपं शहाण्यासारखी वागली. किल्ली फिरवली तर इंजिन मुकं, आणि ते लाल चित्र पुन्हा लुकलुकायला लागलं. ती डबी दुसऱ्या कुणाच्या गाडीची किल्ली आठवत होती, आमची तिला परकी. मिस्त्रीने हात झटकले. "ये अब कम्पनी वाले ही करेंगे, दीदी."

गाडी ओढून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली, त्यांनी नवी डबी मागवली. यायला बारा दिवस लागले. ते बारा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब दिवस असतील. चाकाची खुर्ची रिक्षात चढत नव्हती, व्यायाम बंद, बाहेर जाणं बंद. पत्र्यासारखं तापलेलं घर, फाटकाला कुलूप, आणि आम्ही दोघं. कूलरचं पाणी भरायचं, गोळ्या द्यायच्या, पडदे ओले करायचे. दुपारी बाबा झोपले की मी समोरच्या खोलीच्या फरशीवर आडवी व्हायचे आणि छताकडे बघत शाळेची घंटा आठवायचे. एक बदल मात्र झाला होता. ते काही बोलले की मी विचारत बसायचे. हे का? ते का? कपाटातलं? अंगणातलं? कधी दहा प्रश्न लागायचे, कधी उत्तर सापडायचंच नाही आणि दोघंही थकायचो. पण "कंगवा" म्हणजे पंखा हे मला त्या दिवसांत कळलं. आणि ते आईचं नाव घेतात तेव्हा त्यांना खिडकी उघडून हवी असते, हेही.

डबी आली तसा सेंटरमधून फोन आला. दोन्ही किल्ल्या घेऊन या, ज्या किल्ल्या त्या दिवशी जोडल्या जातील त्याच पुढे चालतील, राहिलेली कायमची बाद. मी बाबांच्या पलंगाशी बसले आणि म्हटलं, "बाबा, तुमची किल्ली लागणार आहे."

त्यांची मूठ मिटली.

"परत देणार आहेत. तुमच्याच हातात देतील."

"नाही," ते म्हणाले. तो शब्द त्यांना कायम यायचा.

मी समजावलं, मग चिडले, मग उठून स्वयंपाकघरात गेले. भांडी घासताना लक्षात आलं की मी त्यांना पुन्हा लहान मुलासारखं समजावते आहे. परत गेले. म्हटलं, "किल्ली जोडली नाही तर ती नुसतं पितळ आणि प्लॅस्टिक होईल. तुम्हीच जोडून घ्या. तुम्ही चला."

त्यांनी थोडा विचार केला आणि मूठ उघडली नाही, पण ते उठून बसले.

मिस्त्रीने त्या दिवसापुरती एक जीप मागून आणली आणि आम्हाला खुर्चीसकट सेंटरवर सोडलं. तिथे डबी बसवणारी एक तरुण बाई होती, पंचविशीची असेल, निळा डगला, शेजारच्या दतिया गावाहून रोज ये-जा करणारी. तिने बॅटरीची तार काढली, नवी डबी बसवली, तार परत जोडली, मग स्टिअरिंगखाली वायर लावून लॅपटॉप उघडला. गाडीचा नंबर डबीत भरला. माझी किल्ली घेतली, फिरवली, जोडली. मग बाबांसमोर येऊन वाकली. "बाबूजी, आपकी चाबी आप ही लगाइए."

तिने आणि मी मिळून त्यांना चालकाच्या सीटवर बसवलं. सव्वा वर्षानंतर. डावा हात अंगावरून उजवीकडे नेऊन त्यांनी किल्ली लावली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बसली. तिने लॅपटॉपवर काहीतरी दाबलं. "घुमाइए." त्यांनी फिरवली. गाडी सुरू झाली.

बाबा तिथेच बसून राहिले. काच खाली घेतली, वर घेतली. वायपर फिरवला. कुलूप लावलं, काढलं, लावलं, काढलं, आणि दर वेळी कान देऊन ऐकलं. ती बाई हसत उभी होती, घाई केली नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "जा."

मला वाटलं, बाजूला हो म्हणताहेत. मी मागे सरकले. त्यांनी मान हलवली. नाही.

"घरी जायचं?"

नाही.

"मी जाऊ? कुठे?"

त्यांनी तोंड उघडलं, शब्द शोधला, सापडला नाही. मग ते माझ्या मुलीचं नाव म्हणाले. एकदम नीट, लाडाचं नाव, जे फक्त तेच वापरायचे.

मी विचारलं, "मी पुण्याला जाऊ?"

हो.

"आणि तुम्ही?"

त्यांनी खांदा उडवला. डावा.

त्या पार्किंगमध्ये मी त्यांच्याशी भांडले. तुमचं कोण करणार, रात्री उठलात तर, पडलात तर. ते गाडी चालू ठेवून ऐकत राहिले. त्यांना माझ्याइतकंच अडकल्यासारखं वाटत असेल, आणि त्यात माझीही अडचण त्यांना दिसत असेल, असं मी सव्वा वर्षात एकदाही धरलं नव्हतं. मी समजत होते की त्यांच्या डोक्यात फक्त चहा, औषधं आणि ती किल्ली.

त्या दिवशी काही ठरलं नाही. पुढच्या महिन्यात गरौठ्याकडच्या खेड्यातला एक माणूस मिळाला, पन्नाशीचा, आपल्या आजारी काकांचं बारा वर्षं सगळं केलेला. तो बुंदेलीत बोलतो, बाबा मराठीत, आणि माझ्यापेक्षा त्याला त्यांचं लवकर कळतं. त्याला गाडी चालवता येते. पहिल्याच दिवशी त्याने फाटकाचं कुलूप काढून खुंटीला टांगलं. मी घाबरून म्हटलं, "भैया, ये गिर जाएँगे." तो म्हणाला, "गिरहें तो उठा लैहें."

आता मी वीस-बावीस दिवस पुण्याला असते, मग आठ-दहा दिवस झाशीला. शाळेची नोकरी राहिली नाही. घरी शिकवण्या घेते. पुण्यात असले तरी आंघोळीला जाताना फोन खिडकीत ठेवते आणि वाजला की साबणाच्या हाताने उचलते. दुपारी चारला, त्यांच्या गोळीच्या वेळेला, आपोआप उठून उभी राहते. मुलगी म्हणते, "आई, बस ना." मी बसते.

परवा त्या माणसाने फोन लावून दिला. बाबा म्हणाले, "रुमाल."

मी विचारलं, रुमाल हवाय? नाही. कपडे? नाही. सर्दी झाली? नाही. तिकडचं काही? नाही. इकडचं? हो. माझं? नाही. अकरा मिनिटं गेली. स्वयंपाकघरात भाजी करपल्याचा वास यायला लागला, तरी मी गॅसपाशी गेले नाही. शेवटी कळलं, नातीची परीक्षा झाली का, हे त्यांना विचारायचं होतं.

"झाली बाबा," मी म्हटलं. "कालच संपली."